घराजवळची शाळा निवडावीशी वाटेल अशी करा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि शालेय शिक्षण विभागातील सर्व जबाबदार अधिकारी

महोदय,

मी मराठवाड्यातल्या एका गावात राहते. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. माझी दोन्ही मुले याच शाळेत शिकतात. शिक्षणाविषयी सरकार बोलू लागले की अलीकडे ‘पालकांची निवड’ हे शब्द फार ऐकू येतात. पट घसरला की साहेब म्हणतात, पालकांनीच खासगी शाळा निवडली. शाळा बंद करायचा विषय निघाला की म्हणतात, पालकांनी पाठ फिरवली, त्याला आम्ही काय करणार. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के मोफत प्रवेशाचा नियम बदलताना मात्र या निवडीची आठवण कोणाला झाली नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. खेड्यातल्या पालकाला खरोखर काय निवडता येते हा एक प्रश्न आहे, आणि ते निवडल्यावर मूल जास्त शिकते का हा दुसरा. विभागाने आजवर हे दोन्ही प्रश्न एकच धरले. त्यांची उत्तरे वेगळी आहेत आणि त्या फरकात आमची मुले अडकली आहेत.

आधी पहिला प्रश्न. महाराष्ट्रात स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणाऱ्या, शाळांचा कायदा २०१२ चा. त्यानंतर तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत, मोठ्या रस्त्याच्या कडेला इंग्रजी माध्यमाच्या शाळा भराभर उघडल्या. आता सकाळी आमच्या वेशीवर त्यांच्या गाड्या येऊन थांबतात. रस्ता चांगला असेल त्या वस्तीपर्यंत गाडी येते, नसेल तिथे येत नाही. म्हणजे गावात कोणाला निवड आहे आणि कोणाला नाही, हे पहिल्यांदा रस्ता ठरवतो. त्यानंतर पैसा. नुसती फी नाही. गाडीभाडे, दोन प्रकारचे गणवेश, बूट, पुस्तकांचा संच, स्नेहसंमेलनाचा खर्च, असे सगळे धरावे लागते. कोरडवाहू शेती असलेल्या घरात सोयाबीनचा भाव पडला की त्या वर्षीची फी थकते, आणि फी थकली की मूल अर्ध्या वर्षात शाळा बदलते. त्यानंतर घरातली रीत. दोन मुलांची फी झेपत नसेल तर मुलगा गाडीत बसतो आणि मुलगी चालत जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. ‘असर’च्या, म्हणजे मुलांना वाचता येते का, गणित येते का हे घरोघरी तपासणाऱ्या ग्रामीण पाहण्यांत सरकारी शाळांतले मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त दिसते, त्याचे एक कारण हे आहे.

आणि ज्यांना काहीच निवडता येत नाही असेही लोक आहेत. बीड, जालना, परभणीच्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन जी कुटुंबे साखर कारखान्यांच्या फडावर जातात, त्यांची मुले उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती वेळेवर सुरू झाली, तिथे जेवण नीट मिळाले, आजी-आजोबांचा विश्वास बसला तर मूल गावात राहते, नाही तर पालावर जाते. अशा मुलाच्या आईपुढे ‘शाळा निवडा’ हे वाक्य ठेवून काही उपयोग नाही. तिला गावातली शाळा उघडी हवी आहे आणि शाळेत मास्तर हवेत.

तरीही मी पालकांना दोष देणार नाही. माझ्या जाऊबाईंनी मुलाला इंग्रजी माध्यमात घातले. आपल्याला बँकेत, दवाखान्यात, तहसील कचेरीत जसे दबून बोलावे लागते तसे त्याला बोलावे लागू नये, हे त्यांचे कारण. हे कारण खोटे आहे असे कोण म्हणेल? जिल्हा परिषदेच्या शाळांवर लोक उगाच नाराज नाहीत. चार वर्गांना एक मास्तर, तेही कधी बैठकीला, कधी मतदार यादीच्या कामाला, कधी कुठल्या तरी ॲपवर माहिती भरण्यात. शिक्षकांना ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत मोर्चे काढावे लागले, यातच सगळे आले. जो पालक दिवसभर रानात असतो, त्याला शाळेचे एवढेच दिसते की मास्तर आज वर्गात नव्हते. तो गाडीवाल्या शाळेचा विचार करतो. मीही त्याच्या जागी असते तर केला असता.

आता पंचवीस टक्क्यांकडे येते, कारण गरिबाच्या हातात कायद्याने दिलेली निवड ती एवढीच. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या, आणि त्यांचा खर्च सरकारने शाळांना परत करायचा. यालाच आपण प्रतिपूर्ती म्हणतो. आपल्या राज्यात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. अर्ज ऑनलाइन, मग सोडत.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियमात बदल केला. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या जागांमधून सूट मिळाली. सरकारचा युक्तिवाद मला समजतो. शेजारी सरकारी शाळा असताना खासगी शाळेला पैसे का द्यायचे, असा तो होता. पण महाराष्ट्रात सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही असा एक किलोमीटरचा तुकडा शहरात किंवा तालुक्याच्या गावात शोधून सापडत नाही. त्यामुळे एका अधिसूचनेने बहुतेक सगळ्या खासगी शाळा मोकळ्या झाल्या. पालकांनी न्यायालयात धाव घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी बदलाला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द ठरवला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. मधल्या काळात प्रवेश प्रक्रिया एकदा थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा हजारो घरांना आपल्या सहा वर्षांच्या मुलाची शाळा कोणती हे माहीत नव्हते. जुन्या नियमाने प्रक्रिया परत सुरू झाली तेव्हा एक लाखाच्या आसपास जागांसाठी दोन लाखांहून जास्त अर्ज आले होते. इतके पालक रांगेत उभे असताना तुमच्या विभागाने दार बंद करून पाहिले, याचे दुःख अजून गेलेले नाही.

त्या निर्णयावर मी बोट ठेवते ते आणखी एका कारणासाठी. शेजारच्या सरकारी शाळेचे कारण देऊन तुम्ही खासगी शाळांना सूट दिलीत, पण त्याच वर्षी, १५ मार्च २०२४ रोजी, संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेतली शिक्षकांची पदे ठरवण्याचा, नवा शासन निर्णय आला. त्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांचा पट वीसच्या खाली गेला तर तिथे शिक्षकाचे पद मंजूरच होत नाही. म्हणजे फेब्रुवारीत सांगितले की शेजारी सरकारी शाळा आहे, तिथे जा, आणि मार्चमध्ये त्या शेजारच्या शाळेतले शिक्षक कमी करायची तजवीज झाली. एकाच मंत्रालयातून निघालेले हे दोन कागद आमच्या गावात एकाच घरात पोचतात.

पंचवीस टक्क्यांचा कायदा टिकला याचा मला आनंद आहे. पण खेड्यात तो किती पोचतो? जागा असतात तालुक्याच्या गावी. अंतराच्या अटीत बसणारे घर वस्तीवर नसते. गाडीभाडे प्रतिपूर्तीत येत नाही. गणवेश आणि पुस्तके कायद्याप्रमाणे मोफत मिळायला हवीत, प्रत्यक्षात पालकच ती विकत घेतात आणि भांडायला घाबरतात, कारण मूल त्याच वर्गात बसायचे असते. संस्थाचालक म्हणतात, वर्षाला एका मुलामागे १७,६७० रुपये ठरवले, तेही वर्षानुवर्षे थकवले. थकबाकी हजार कोटींच्या वर गेली असे त्यांच्या संघटना सांगतात. सरकार पैसे देत नाही म्हणून शाळा त्या मुलाकडे ओझे म्हणून पाहते. आठवी संपली की मोफत शिक्षणही संपते, आणि ज्या मुलाने आठ वर्षे इंग्रजीतून गणित-विज्ञान केले त्याने नववीला पूर्ण फी भरायची की मराठी माध्यमात परत यायचे, हा प्रश्न त्या घरावर येऊन पडतो. आठवीनंतरचे काहीही तुमच्या योजनेत नाही.

आता दुसरा प्रश्न, ज्याविषयी आपल्याकडे जवळजवळ कोणी बोलत नाही. खासगी शाळेत गेल्याने मूल जास्त शिकते का?

गावात विचाराल तर उत्तर ठाम ‘हो’ आहे. परीक्षांचे आकडे पाहिले तरी वरवर ‘हो’च दिसते, खासगी शाळांतली मुले पुढे असतात. पण ज्या घरांत आई शिकलेली, शिकवणी लावायला पैसा, अभ्यासाला बसायला जागा आणि दिवा, त्या घरांतली मुलेच खासगी शाळांत जास्त असतात. ‘असर’च्या अभ्यासकांनी या गोष्टी बाजूला काढून हिशेब केला तेव्हा सरकारी आणि खासगी शाळांमधली दरी बरीच आटली. मग उरलेल्या फरकात शाळेचा वाटा किती, हे कसे कळणार?

ते शोधायचा सगळ्यात प्रामाणिक प्रयत्न आपल्या शेजारी झाला, अविभाजित आंध्र प्रदेशात. २००८ मध्ये पाच जिल्ह्यांतल्या १८० गावांत एक प्रयोग सुरू झाला. सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांना विचारले की फीचे पैसे कोणी भरले तर तुम्ही मुलाला खासगी शाळेत घालाल का. अर्ज आले. मग सोडत दोनदा काढली. आधी कोणत्या गावांत योजना राबवायची त्याची, आणि त्या गावांत कोणत्या मुलांना शिष्यवृत्ती द्यायची त्याची. म्हणजे सारख्याच घरांतली, सारख्याच इच्छेची मुले, त्यातली काही चिठ्ठी लागली म्हणून खासगी शाळेत गेली आणि काही नाही लागली म्हणून सरकारी शाळेत राहिली. चार वर्षे दोघांवर लक्ष ठेवले. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले.

तेलुगू आणि गणित या दोन्ही विषयांत चिठ्ठी लागलेली मुले पुढे गेली नाहीत. दोघांचे गुण सारखेच राहिले. हिंदीत मात्र खासगी शाळांतली मुले स्पष्टपणे पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी जवळजवळ शिकवलीच जात नव्हती. खासगी शाळांचा दिवस लांब होता, शिक्षक वर्गात जास्त हजर असत, पण वेळापत्रकात तेलुगू आणि गणिताला कमी तास होते आणि तो वेळ इंग्रजी, हिंदी, संगणकाकडे गेला होता. जी मुले मागे सरकारी शाळेत राहिली त्यांचे काही नुकसान झाले नाही, आणि खासगी शाळेत आधीपासून असलेल्या मुलांचेही झाले नाही.

यातला एक निष्कर्ष तुम्हाला नक्की सांगितला गेला असेल : त्या खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी होता. मी तो लपवणार नाही. कमी पैशांत, कमी तासांत तेवढेच गणित आणि वर हिंदी, हे त्या शाळांच्या बाजूने सांगायलाच हवे. पण ती स्वस्ताई कशातून आली हेही सांगायला हवे. तिथल्या शिक्षकांना सरकारी शिक्षकांच्या मानाने अगदी थोडा पगार होता. आमच्या भागातही तेच आहे. डी.एड., बी.एड. झालेल्या मुली लग्नाआधी किंवा लग्नानंतर जवळच्या शाळेत मिळेल त्या पगारावर शिकवतात आणि चांगली नोकरी मिळाली की जातात. यावर राज्याचे शिक्षण उभे करता येणार नाही. आणि बारा मुलांच्या वस्तीवर, तांड्यावर, पाड्यावर कोणतीही खासगी संस्था शाळा काढायला येणार नाही, तुम्ही प्रत्येक मुलाच्या हातात फीचे पैसे ठेवले तरी.

त्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट माध्यमाची आहे. लेखकांनी ती सावधपणे मांडली आहे, मीही तेवढ्याच सावधपणे सांगते. जी मुले तेलुगू माध्यमाच्या खासगी शाळांत गेली त्यांचा फायदा झाल्याची चिन्हे दिसली. जी तेलुगूतून उठून इंग्रजी माध्यमात गेली त्यांचे इंग्रजीखेरीजच्या विषयांत नुकसान झाल्याची चिन्हे दिसली. आता आमच्या तालुक्याकडे पाहा. इथे ‘खासगी प्राथमिक शाळा निवडणे’ याचा अर्थ जवळजवळ नेहमी ‘इंग्रजी माध्यम निवडणे’ असा होतो. मराठी माध्यमाची चांगली, शिस्तीची, मास्तर रोज हजर असलेली शाळा हा पर्याय यादीतच नाही. पालकाला शिस्त हवी असते, हजर शिक्षक हवा असतो, आणि त्याबरोबर त्याला माध्यमही बदलून घ्यावे लागते.

दुसरी-तिसरीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकून फी न झेपल्यामुळे आमच्या शाळेत परत आलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना इंग्रजी शब्द ओळखता येतात, पण वाक्याचा अर्थ लागत नाही, आणि मराठीत जोडाक्षर आले की ती थबकतात. मुले हुशार आहेत. घरी आईला पुस्तक वाचता येत नव्हते, शाळेत ताईंना स्वतःला इंग्रजी बोलता येत नव्हते, मग ती पाठ करत राहिली. आमच्या गुरुजींनी त्यांना शाळा सुटल्यावर थांबवून बाराखडीपासून वाचायला लावले. अशी मुले गावोगावी आहेत आणि त्यांची नोंद तुमच्या कुठल्याही तक्त्यात नाही. तिथे फक्त ‘दाखला दाखल’ एवढेच दिसते.

आंध्रच्या बाहेरही पाहायला हरकत नाही. चिलीने १९८१ पासून सरकारचा पैसा मुलाबरोबर शाळेत पाठवला. पुढच्या काळात खासगी शाळा वाढल्या, बऱ्या घरांतली मुले एकीकडे आणि गरीब मुले दुसरीकडे गोळा झाली, देशाचे सरासरी शिक्षण मात्र त्यामुळे वर गेल्याचे अभ्यासकांना दिसले नाही. शेवटी २०१५ मध्ये त्यांना कायदा करून मुले निवडून घेण्यावर आणि वरचे शुल्क घेण्यावर बंधने आणावी लागली. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात सोडतीने खासगी शाळेत गेलेल्या गरीब मुलांचे गणित पहिल्याच वर्षी बरेच घसरले. प्रत्येक ठिकाणची कारणे वेगळी आहेत. पण शाळा बदलली म्हणजे शिकणे आपोआप सुधारते, हे गृहीत धरून धोरण आखू नये एवढे तरी यावरून कळते.

सरकारी शाळांत सगळे ठीक आहे असे मी म्हणत नाही. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये तर हे प्रमाण १६.३ टक्के होते. दोन वर्षांत ते वर आले, आपल्या राज्यातही सुधारणा झाली, हे शिक्षकांचे श्रेय आहे. पण चारातल्या तीन मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही हे कोणत्याही आईला परवडणारे नाही. खासगी शाळांतही हे प्रमाण निम्म्याच्या खालीच आहे, आणि ते त्यांच्या पालकांना कोणी सांगत नाही.

आणि सुधारणा होऊ शकते हे महाराष्ट्राने दाखवले आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या गटातल्या, शाळा बदलल्या, जिल्ह्याजिल्ह्यातून शिक्षक ते पाहायला गेले, आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाला त्यातून बळ मिळाले. त्या वर्षांत अनेक तालुक्यांत इंग्रजी शाळांतली मुले जिल्हा परिषदेत परत आली. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा बंद पडायच्या बेतात होती. गावकरी आणि शिक्षकांनी ती अशी उभी केली की २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या पुरस्कारासाठी अंतिम दहांत तिचे नाव आले. या शाळांत प्रवेशासाठी पालक स्वतःहून येतात. त्यांनाही ‘निवड’ म्हणा. पण अशी शाळा एका झपाटलेल्या शिक्षकावर उभी असते आणि त्याची बदली झाली की गावाच्या पोटात गोळा येतो. बदल्यांचे धोरण ठरवताना हे कोणी विचारात घेते का?

आता छोट्या शाळांविषयी, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचे परिपत्रक निघाले. वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा राज्यात आहेत, त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले आणि २९,७०७ शिक्षक आहेत, असे त्या वेळी विभागानेच सांगितले. त्या शाळा एकत्र करून मोठी शाळा करावी, पुणे जिल्ह्यातल्या पानशेत आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळच्या शाळांसारखी, असा विचार होता. सरासरी काढली तर एका शाळेत बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक. हिशेबाच्या वहीत हे महाग दिसते. मी मात्र त्या बारा मुलांच्या घरांचा विचार करते. ही शाळा गेली की ओढ्यापलीकडची सहा वर्षांची मुलगी पावसाळ्यात जाणार कशी? गाडी देऊ म्हणता, पण आज शिक्षण हक्काच्या प्रतिपूर्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत तिथे गाडीवाल्याचे बिल दर महिन्याला निघेल यावर गाव विश्वास कसा ठेवील? बिल थकले की गाडी थांबेल, गाडी थांबली की पहिल्यांदा मुली घरी बसतील. आणि ज्यांच्याकडे थोडा पैसा आहे ते म्हणतील, गाडीतच घालायचे तर इंग्रजी शाळेच्या गाडीत घालू. मग समूह शाळेचाही पट घसरेल, आणि तुमच्या तक्त्यात पुन्हा लिहिले जाईल की पालकांनी खासगी शाळा निवडली.

मोठ्या शाळेचे फायदे मी नाकारत नाही. एका वर्गात दोनच मुले असतील तर त्यांना खेळायला, भांडायला, बरोबर वाचायला सोबती नसतात. आठवड्यातून दोन दिवस जवळच्या शाळांची मुले एकत्र आणता येतील, विज्ञान-इंग्रजीचा शिक्षक केंद्रातल्या शाळांत फिरता ठेवता येईल. हे आधी करून पाहा. शाळा बंद करणे हा उपाय एकदा केला की मागे फिरता येत नाही. वस्तीशाळा उभ्या करायला ज्या शिक्षकांनी तुटपुंज्या मानधनावर वर्षे घालवली, त्यांना विचारा.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. पंचवीस टक्क्यांची थकलेली प्रतिपूर्ती द्या, पुढची दर सत्राला द्या, आणि ग्रामीण मुलांचे गाडीभाडे त्यात धरा. ज्या गावातली शाळा बंद करायची किंवा पद काढायचे आहे, तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामसभेचा लेखी होकार असल्याशिवाय ते करू नका. प्रत्येक शाळेत, सरकारी असो की खासगी, तिसरी आणि पाचवीच्या किती मुलांना वाचता येते, भागाकार करता येतो, हे बाहेरच्या माणसांकडून तपासून ग्रामसभेत वाचून दाखवा. आज आम्ही गणवेश आणि गाडीचा रंग पाहून शाळा निवडतो, कारण पाहण्यासारखे दुसरे काही तुम्ही आमच्यापुढे ठेवलेच नाही. आणि शिक्षकाच्या डोक्यावरची शिकवण्याबाहेरची कामे काढा. हे दरवर्षी सांगितले जाते आणि दरवर्षी एक नवे ॲप येते.

शेवटची मागणी तुमच्याच कपाटातली आहे. आंध्रात ज्यासाठी मुद्दाम सोडत काढावी लागली, ती सोडत महाराष्ट्रात दरवर्षी निघते. शिक्षण हक्काच्या प्रवेशात कोणाचा नंबर लागला आणि कोणाचा नाही, याची नोंद विभागाकडे वर्षानुवर्षांची आहे. त्या दोन्ही प्रकारच्या मुलांना आज शोधा. नंबर लागलेली मुले मराठी, गणित, इंग्रजीत न लागलेल्यांच्या पुढे गेली का, मुलींचे काय झाले, आठवीनंतर किती शाळेत राहिली, कोणत्या माध्यमाचा काय परिणाम झाला, हे एखाद्या विद्यापीठाकडून किंवा स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्या आणि मुलांची नावे गाळून निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध करा. खासगी शाळांत मुले खरोखर पुढे गेली असतील तर आमच्या वस्तीवरच्या मुलांनाही तिथे पोचवायची सोय करा, पैसा लागला तरी. गेली नसतील तर तो पैसा आमच्या शाळेत दुसऱ्या शिक्षकासाठी द्या. यातले काहीच न तपासता संचमान्यतेचे आणि समूह शाळांचे आदेश काढू नका. ३० सप्टेंबरच्या पटावरून पुढची पदे ठरतात. त्या तारखेच्या आत या पत्राचे लेखी उत्तर मिळावे, ते मी आमच्या शाळेत पालकांच्या सभेत वाचून दाखवीन.

कळावे,
आपली,
एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीतील पालक सदस्य